कर्नलमधल्या लॉकची चढाओढ कशी मोजायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स सर्व्हर सांभाळता सांभाळता 'कोर एवढे आहेत, मग काम अडतंय कुठे?' या प्रश्नापाशी येऊन थांबलेल्यांसाठी हे पान आहे. कमांड आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टाइप करा.

लॉक कंटेन्शन म्हणजे नेमकं काय?

कर्नलमधल्या अनेक याद्या, तक्ते आणि मोजण्या सगळ्या कोरना मिळून वापराव्या लागतात. दोघांनी एकाच वेळी त्यात हात घातला तर नोंदी बिघडतात. म्हणून आधी लॉक घ्यायचा, काम उरकायचं, लॉक सोडायचा, असा शिरस्ता आहे. लॉक दुसऱ्याकडे असेल तर थांबावं लागतं, आणि या थांबण्यालाच कंटेन्शन म्हणतात.

चाळीतल्या नळावरची रांग आठवा. ती किती लांबणार हे माणसं किती यावर जसं ठरतं, तसंच कळशी भरणारे किती आणि पिंप भरणारे किती यावरही ठरतं. लॉक किती वेळा घेतला जातो आणि एकेका वेळी किती वेळ धरला जातो, या दोन गोष्टी डोक्यात पहिल्यापासून वेगळ्या ठेवा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पूर्वी एकच मोठा लॉक होता म्हणतात. मग आता एवढे लॉक कशाला?

१९९६ साली लिनक्स २.० मध्ये अनेक प्रोसेसरवर चालण्याची सोय आली, तेव्हा अख्ख्या कर्नलला एकच कुलूप होतं: बिग कर्नल लॉक. दोन-चार प्रोसेसर होते तोवर ते खपून गेलं. पुढे ते तुकड्यातुकड्याने काढत न्यायला तब्बल १५ वर्षं लागली. शेवटचा अवशेष २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीत गेला. आता प्रत्येक फाइलच्या आयनोडला (फाइलच्या माहितीच्या नोंदीला), प्रत्येक प्रोसेसच्या मेमरी नकाशाला, प्रत्येक कोरच्या रनक्यूला (चालायला तयार कामांच्या रांगेला) आपापला लॉक आहे. शिवाय जिथे वाचणारे फार आणि बदलणारे थोडे, तिथे २००२ पासून आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) ही पद्धत आहे. त्यात वाचणाऱ्याला लॉक घ्यावाच लागत नाही.

तरीही रांगा लागतात, कारण कोरही तितकेच वाढले. १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेला हिशेब इथे चोख लागू पडतो: कामाचा ५ टक्के भाग जरी एकाच लॉकखाली एकामागून एक होत असेल, तरी वेग २० पटींच्या वर जाऊच शकत नाही, मग १२८ कोर लावा नाहीतर ५१२.

आमच्या सर्व्हरवर 'सिस्टीम' वेळ ७० टक्के दिसतो. हे लॉकमुळेच आहे का?

असेलही, नसेलही. एवढ्यावरून ठरवू नका. आधी थांबण्याचे दोन प्रकार समजून घ्या, कारण ते दोन वेगळ्या ठिकाणी उमटतात.

स्पिनलॉकची वाट बघणारा कोर जागचा हलत नाही. 'सुटला का, सुटला का' करत घिरट्या घालतो आणि हा सगळा वेळ सिस्टीम वेळ म्हणून मोजला जातो. सीपीयू भरलेला दिसतो, काम मात्र शून्य.

म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारा लॉक) किंवा आरडब्ल्यूसेम (वाचणारे अनेक किंवा लिहिणारा एकच, अशा पद्धतीचा लॉक) यांची वाट बघणारा थ्रेड झोपी जातो. तो बहुतेक वेळा 'डी' अवस्थेत, म्हणजे मधेच न उठवता येणाऱ्या झोपेत असतो. लिनक्सच्या लोड अ‍ॅव्हरेजमध्ये 'डी' अवस्थाही धरली जाते, म्हणून सीपीयू रिकामा आणि लोड ८० असं विचित्र चित्र दिसतं. अशा वेळी पुष्कळ जण डिस्कवर खापर फोडतात. एक साधी ताडणी करा: व्हीएमस्टॅट या कमांडमधला 'बी' हा स्तंभ फक्त आयओसाठी अडलेल्यांची संख्या दाखवतो, म्युटेक्सवर झोपलेले त्यात येत नाहीत. लोड चढलेला, 'डी' अवस्थेतले थ्रेड भरपूर आणि 'बी' मात्र एक-दोन, असं असेल तर डिस्कला सोडा आणि लॉककडे वळा.

एक अपवाद लक्षात असू द्या. म्युटेक्स धरणारा थ्रेड त्या क्षणी दुसऱ्या कोरवर चालू असेल, तर वाट बघणारा लगेच झोपत नाही, थोडा वेळ घिरट्या घालून बघतो. म्हणून ओएसक्यू_लॉक हे या घिरट्यांच्या फंक्शनचं नाव सीपीयू प्रोफाइलमध्ये वर आलं तर ती चढाओढ म्युटेक्सची किंवा आरडब्ल्यूसेमची आहे, स्पिनलॉकची नव्हे.

सुरुवात कोणत्या कमांडने करू?

पर्फ हे लिनक्सचं मोजमापाचं साधन. त्यातली पर्फ टॉप ही कमांड लावा. वरच्या ओळींत नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ दिसलं, तर स्पिनलॉकवर गर्दी आहे हे नक्की. मात्र नुसतं हे नाव काही सांगत नाही. कर्नलमधला कुठलाही स्पिनलॉक अडला की गाडी याच फंक्शनमध्ये येते. म्हणून पर्फ रेकॉर्ड कॉल ग्राफसह (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं या साखळीसह) चालवा, दहा सेकंद पुरे, आणि त्याच्या वर कोण आहे ते बघा. पेज अलोकेटर आहे, नेटवर्क आहे की फाइलसिस्टीम, हे तिथेच कळतं.

झोपलेले थ्रेड या पद्धतीने दिसत नाहीत. ते सीपीयूवर नसतातच, मग सीपीयूचा नमुना घेऊन सापडणार कसे? ही चूक फार जण करतात: पर्फमध्ये काही नाही, म्हणजे कर्नल ठीक आहे, असं म्हणून मोकळे होतात.

पर्फ लॉक कंटेन्शन कसं वापरायचं? त्यातले आकडे कसे वाचायचे?

माझ्या मते आज हाती असलेलं हे सगळ्यात उपयोगी साधन आहे. २०२२ मध्ये कर्नल ५.१९ मध्ये कंटेन्शन_बिगिन आणि कंटेन्शन_एंड असे दोन ट्रेसपॉइंट (कर्नलमधल्या नोंद घेण्याच्या जागा) आले आणि त्यावर ही उपकमांड बांधली गेली. ट्रेसपॉइंट लॉकच्या संथ वाटेवर बसवलेत. लॉक विनाअडथळा मिळाला तर तिथे काहीच घडत नाही. थांबावं लागलं तरच नोंद होते. म्हणून ते प्रॉडक्शनवर वापरता येतं.

रूट म्हणून, सगळ्या कोरसाठी 'ए' आणि बीपीएफसाठी (कर्नलच्या आतच छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीसाठी) 'बी' हे पर्याय देऊन दहा सेकंद चालवा. 'बी' शक्यतो सोडू नका. त्याने बेरीज कर्नलमध्येच होते, नाहीतर प्रत्येक घटना फाइलमध्ये लिहिली जाते आणि गर्दीच्या यंत्रावर तेच ओझं होऊन बसतं.

समजा दोन ओळी अशा आल्या. पहिली: स्पिनलॉक, ४८,००० वेळा अडला, सरासरी थांबा २५ मायक्रोसेकंद, एकूण १.२ सेकंद. दुसरी: आरडब्ल्यूसेम वाचनासाठी, ३१० वेळा अडला, सरासरी २०० मिलिसेकंद, एकूण ६२ सेकंद.

४८,००० हा आकडा डोळ्यांत भरतो. पण एकूण थांब्याला मोजणीच्या कालावधीने भागा. पहिल्याचे येतात ०.१२, दुसऱ्याचे ६.२. म्हणजे स्पिनलॉकच्या रांगेत सरासरी एका कोरचा आठवा हिस्सा वाया गेला, आणि आरडब्ल्यूसेमच्या रांगेत त्या दहा सेकंदांत सतत सहाहून जास्त थ्रेड उभे होते. दुखणं दुसऱ्या ओळीत आहे. हा एक भागाकार करण्याची सवय लावून घ्या. निम्म्या चुकीच्या वाटा तिथेच बंद होतात.

एकूण थांबा मोजणीच्या वेळेपेक्षा जास्त कसा येतो? टूल चुकतंय का?

नाही. सहा जण एक सेकंद थांबले तर एकूण थांबा सहा सेकंद.

एखाद्या ओळीत लॉकचं नावच नाही, फक्त फंक्शन आहे. असं का?

ते फंक्शन म्हणजे लॉक मागणारा, म्हणजे कॉलर. लॉकनुसार गोळा करायचं असेल तर 'एल' पर्याय द्या; मग पत्ते दिसतात आणि ओळखीच्या काही लॉकची नावंही. थ्रेडनुसार हवं असेल तर 'टी'. मी तिन्ही प्रकारे एकेकदा चालवतो. एकच पत्ता सगळ्यात वर असेल तर लॉक एकच तापलाय. शेकडो पत्ते सारखेच दिसत असतील तर एकाच जातीच्या अनेक लॉकवर थोडी थोडी गर्दी आहे, आणि तिथे उपाय निराळा.

एक बारकावा. आजचा स्पिनलॉक म्हणजे २०१५ च्या ४.२ मध्ये आलेला रांगेचा स्पिनलॉक. त्यात पहिला वाट बघणारा रांगेत न जाता लॉकच्याच एका बिटवर थांबतो आणि ट्रेसपॉइंट त्याच्या पुढे आहे. त्यामुळे दोघांतली ओझरती झटापट मोजणीत येत नाही. तिसरा आला की नोंद सुरू होते. आकडे थोडे कमी दिसतात ते यामुळे. निदानाला याने फरक पडत नाही, पण दुसऱ्या साधनाच्या आकड्यांशी ते जुळले नाहीत तर गोंधळू नका.

प्रॉकमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या डिरेक्टरीत) लॉक_स्टॅट नावाची फाइल असते असं वाचलं. माझ्याकडे ती नाही.

कारण तुमचा कर्नल त्या पर्यायासह बांधलेला नाही. नेहमीच्या डिस्ट्रो कर्नलमध्ये लॉक_स्टॅट बंद ठेवतात. २००७ मध्ये २.६.२३ सोबत आलेली ही सोय लॉकडेप या लॉकच्या चुका पकडणाऱ्या यंत्रणेवर उभी आहे. ती चालू केली की प्रत्येक लॉक आकाराने कित्येक पट फुगतो आणि प्रत्येक घेण्या-सोडण्याची नोंद ठेवली जाते. हे ओझं प्रॉडक्शनला परवडत नाही.

चाचणीच्या यंत्रावर मात्र जरूर वापरा, कारण पर्फ जे दाखवत नाही ते इथे आहे: लॉक किती वेळ धरला गेला. कर्नलच्या लॉक_स्टॅट सेटिंगमध्ये १ लिहिलं की मोजणी सुरू होते, प्रॉकमधल्या फाइलमध्ये ० लिहिलं की जुने आकडे पुसले जातात. वेळ मायक्रोसेकंदांत असते. प्रत्येक ओळ एका लॉकची नसून लॉकच्या वर्गाची असते. एकाच जातीच्या सगळ्या आयनोडचे लॉक मिळून एक ओळ.

धरण्याची वेळ कळली की गुणाकार करा. लॉक सेकंदाला २ लाख वेळा घेतला जातो आणि दर वेळी ३ मायक्रोसेकंद धरला जातो, म्हणजे सेकंदातले ०.६ सेकंद तो व्यापलेला. ६० टक्के. अजून ४० टक्के जागा आहे असं वाटेल, पण रांगेचं गणित सरळ रेषेत चालत नाही. साध्या रांगेच्या सूत्राने ५० टक्क्यांना सरासरी एक जण नळापाशी, ९० टक्क्यांना नऊ. म्हणूनच काल ठीक चाललेला सर्व्हर आज दहा टक्के ट्रॅफिक वाढताच आडवा होतो.

आमचा कर्नल जुना आहे, ५.१९ च्याही आधीचा. मग?

बीसीसी या बीपीएफच्या साधनसंचातलं ऑफसीपीयूटाइम वापरा. थ्रेड झोपला तेव्हाचा स्टॅक (एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनची साखळी) आणि तो किती वेळ झोपला, हे ते जमवतं. स्टॅकमध्ये म्युटेक्स_लॉक किंवा आरडब्ल्यूसेम_डाउन_रीड_स्लोपाथ अशी नावं शोधा. त्याच संचातलं केलॉकस्टॅट म्युटेक्सची धरण्याची वेळही देतं, पण ते प्रत्येक लॉक-अनलॉकवर हूक लावतं, तेव्हा गर्दीच्या वेळी पाच सेकंदांच्या वर चालवू नका.

काहीच बसवता येत नसेल तर अडलेल्या थ्रेडची प्रॉकमधली स्टॅक फाइल रूट म्हणून वाचा, दोन-दोन सेकंदांनी, दहा वेळा. किंवा सिसआरक्यूचं (कर्नलला थेट आदेश देण्याच्या सोयीचं) 'डब्ल्यू' अक्षर पाठवा. अडलेल्या सगळ्या थ्रेडचे स्टॅक कर्नल लॉगमध्ये पडतात. पद्धत खडबडीत आहे, पण दहापैकी नऊ वेळा तोच स्टॅक दिसला तर आणखी पुरावा कशाला?

थांबलेले सापडले. पण लॉक धरून कोण बसलंय, हे कसं शोधायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. सगळी साधनं थांबलेल्यांची नावं आधी सांगतात. थांबलेला बिचारा रांगेत उभा आहे. दोष त्याचा नाही. तरी पहिला तपास नेहमी त्याचाच होतो, कारण यादीत नाव त्याचं असतं.

पर्फ लॉक कंटेन्शनला बीपीएफसह 'ओ' पर्याय दिला तर मालकानुसार यादी मिळते. म्युटेक्ससाठी आणि लेखनासाठी धरलेल्या आरडब्ल्यूसेमसाठी हे छान चालतं. स्पिनलॉक मात्र नेहमीच्या कर्नलमध्ये फक्त ४ बाइटांचा असतो, त्यात मालकाचं नाव ठेवायला जागाच नाही. आणि आरडब्ल्यूसेम वाचनासाठी धरलेला असेल तर वाचणारे अनेक असू शकतात. त्यांची पूर्ण यादी कर्नल ठेवत नाही. अशा वेळी डोकं चालवावं लागतं.

एक अनुभव सांगतो. एका कंपनीत ६० जीबी मेमरी वापरणारी एक मोठी प्रोसेस होती, कर्नल ५.४. दर ३० सेकंदांनी सगळ्या विनंत्या तीन-चारशे मिलिसेकंद अडायच्या आणि मग सुरळीत. आलेखावर जणू कोणी कंगवा ठेवलाय, असे समान अंतरावरचे दाते. ऑफसीपीयूटाइममध्ये दोन प्रकारचे स्टॅक आले. एका थ्रेडचा: मेमरी परत करण्यासाठी म्यूनमॅप, त्याखाली आरडब्ल्यूसेमची लेखनासाठी वाट. बाकी पन्नासेक थ्रेडचा: पेज फॉल्ट (मेमरीचं पान अजून जोडलेलं नाही म्हणून कर्नलकडे धाव), त्याखाली त्याच आरडब्ल्यूसेमची वाचनासाठी वाट. म्हणजे हा प्रोसेसचा मेमरी नकाशा सांभाळणारा लॉक, तेव्हाचा एममॅप_सेम.

आरडब्ल्यूसेममध्ये लिहिणारा रांगेत उभा राहिला की मागून येणाऱ्या वाचणाऱ्यांनाही थांबावं लागतं, नाहीतर लिहिणाऱ्याची पाळी कधीच यायची नाही. म्हणून पन्नास थ्रेड म्यूनमॅपच्या मागे अडले होते हे उघड झालं. पण म्यूनमॅप स्वतः कोणामागे अडला होता? प्रोसेसच्या एकूण एक थ्रेडचे स्टॅक पाहिले. लॉक हातात असलेला एकही नव्हता. म्हणजे धरणारा बाहेरचा होता.

दुसऱ्याच्या मेमरी नकाशाला बाहेरून कोण हात लावतं? प्रॉकमधून वाचणारे. बीपीएफट्रेसची एक ओळ लावून दर ३० सेकंदांनी कोणत्या फाइली उघडल्या जातात ते पाहिलं, आणि स्मॅप्स_रोलअप हे नाव आलं. यंत्राची मेमरी मोजणारा देखरेखीचा एजंट ती फाइल वाचत होता. ती वाचताना कर्नल अख्खा पेज टेबल चालून जातो. ६० जीबीला ४ केबीने भागलं तर दीड कोटीहून जास्त पानं. त्या आवृत्तीत हे सगळं संपेपर्यंत एममॅप_सेम वाचनासाठी धरलेला राहायचा. ती फाइल तेवढा वेळ लॉक धरते हे एजंट लिहिणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. बाहेरून ती वीसेक ओळींची साधी फाइल दिसते.

एजंटला दर ३० सेकंदांना स्टॅटएम वाचायला लावलं. ती फाइल तयार मोजणीतून आकडे देते, हा लॉक घेत नाही. रोलअप रात्री एकदा. त्याच दिवशी आलेखावरचे दाते गेले. यादीत वर असलेल्या पन्नास थ्रेडच्या कोडमध्ये आम्ही एक अक्षरही बदललं नाही.

कंटेनरमध्ये चालवतो. शेजारच्या कंटेनरचा त्रास मला होऊ शकतो का?

हो. कर्नल एकच आहे. सीपीयू आणि मेमरीची वाटणी सीग्रुप करतात, बहुतेक लॉकची वाटणी कोणी करत नाही. शेजाऱ्याने लाखो फाइली उघड-बंद केल्या आणि फाइलसिस्टीम तीच असेल, तर तुमचा थ्रेडही त्याच रांगेत उभा राहतो. म्हणून मोजणी नेहमी होस्टवरून करा. कंटेनरच्या आत बसून हे चित्र दिसत नाही.

व्हर्च्युअल मशीनवर आकडे फारच मोठे येतात. विश्वास ठेवू का?

आधी स्टील टाइम बघा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या हायपरव्हायझरने आपल्या कोरला न दिलेला वेळ. लॉक धरलेला व्हर्च्युअल कोर हायपरव्हायझरने मधेच बाजूला ठेवला, तर बाकीचे कोर न धावणाऱ्याची वाट बघत राहतात. केव्हीएमसारख्या ठिकाणी यासाठी स्पिनलॉकचा खास प्रकार आहे: थोड्या घिरट्या घालून वाट बघणारा कोर स्वतःहून थांबतो आणि लॉक सुटला की त्याला उठवलं जातं. तरी गेलेला वेळ मोजणीत येतोच. स्टील टाइम जास्त असेल तर दुखणं होस्टवर आहे. गेस्टमध्ये लॉक शोधत बसू नका.

कर्नल लॉगमध्ये '१२० सेकंदांहून जास्त अडलेला टास्क' असा इशारा आला. हे कंटेन्शन का?

१२० सेकंद ही रांग नव्हे, बहुधा कोणीतरी लॉक धरून अडकलाय: उत्तर न देणारं नेटवर्क स्टोरेज, मेलेली डिस्क, किंवा डेडलॉक. इशाऱ्यात ज्यांचे स्टॅक छापले जातात ते पुष्कळदा त्याच्या मागे अडलेले असतात. हा इशारा मुळात १० वेळा छापून बंद होतो, तेव्हा पहिला इशारा जपून ठेवा, बहुतेकदा खरा धागा त्यातच असतो. सॉफ्ट लॉकअप वेगळा: तिथे कोर २० सेकंदांहून जास्त कर्नलमध्ये अडकून दुसऱ्या कोणाला संधी देत नाही.

पीएसआय (कर्नलचं ताण मोजण्याचं साधन) चालू आहे. त्यात लॉकचं थांबणं येतं का?

नाही. त्यात सीपीयू, मेमरी आणि आयओचा ताण दिसतो, लॉकचा रकाना नाही. सतत नजर ठेवायची तर दर दहा-पंधरा मिनिटांनी पाच सेकंद पर्फ लॉक कंटेन्शन चालवा आणि पहिल्या दहा ओळी साठवा. मर्यादा कितीवर ठेवायची, हेही विचारलं जातं. सगळ्या यंत्रांना लागू पडेल असा आकडा मी देणार नाही, कारण तो नाही. यंत्र ठणठणीत असतानाच्या आठवड्याभराच्या नोंदी ठेवा. भागाकार करून आलेली संख्या त्याच्या कितीतरी पट झाली की जागे व्हा.

नेहमी सापडणारे लॉक कोणते? उपाय काय?

माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं एममॅप_लॉकची आहेत. २०२० मध्ये ५.८ पासून एममॅप_सेमला हे नाव मिळालं. एकाच प्रोसेसमध्ये शेकडो थ्रेड, सतत मोठे तुकडे मागणं आणि परत करणं, ही त्याची लक्षणं. ग्लिबसी या सी लायब्ररीचं मॅलॉक मुळात १२८ केबीच्या वरचे तुकडे थेट एममॅपने घेतं आणि सोडताना म्यूनमॅप करतं; ही मर्यादा ते स्वतःहून वाढवतंही, पण ती हाताने ठरवून दिली किंवा दुसरा अलोकेटर लावला तर पुष्कळदा निम्मा त्रास जातो. २ एमबीची मोठी पानं वापरली तर फॉल्टच कमी होतात. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नवा कर्नल: २०२३ च्या ६.४ पासून नकाशाच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र लॉक आला आणि बरेचसे पेज फॉल्ट मोठ्या लॉकला हात न लावता उरकतात.

त्याखालोखाल मेमरी परत मिळवतानाचे लॉक. मेमरी तुटपुंजी पडली की सगळे कोर एकाच एलआरयू यादीवर (कोणतं पान अलीकडे वापरलं याच्या यादीवर) तुटून पडतात. ५.११ पासून हा लॉक सीग्रुपनुसार वेगळा झालाय, पण मूळ रोग मेमरीचा तुटवडा आहे. लॉककडे बघत बसू नका.

नेटवर्क सर्व्हरमध्ये एकाच ऐकणाऱ्या सॉकेटवर सगळे कामगार थ्रेड. २०१३ च्या ३.९ पासून एसओ_रीयूजपोर्ट आहे, प्रत्येकाला आपापलं सॉकेट द्या. एकाच डिरेक्टरीत हजारो तात्पुरत्या फाइली बनवणारे प्रोग्रॅम त्या डिरेक्टरीच्या आयनोड लॉकवर अडतात. डिरेक्टऱ्या विभागून टाका, विषय संपला.

फ्युटेक्सशी (प्रोग्रॅममधल्या लॉकसाठी कर्नलने दिलेल्या सोयीशी) संबंधित फंक्शनं वर दिसली तर बहुतेक वेळा चढाओढ तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधल्या म्युटेक्सवर आहे. कर्नल तिथे फक्त झोपवायचं आणि उठवायचं काम करतो. कर्नलला दोष देण्याआधी आपला कोड उघडा.

लॉक कुठेच वर दिसत नाही, तरी कोर वाढवून वेग वाढत नाही. आता काय?

पर्फ सीटूसी ही कॅशलाइनची ओढाताण दाखवणारी उपकमांड चालवा. वाचनासाठी घेतलेला लॉकही फुकट नसतो; त्याची मोजणी बदलताना ती ६४ बाइटांची कॅशलाइन एका कोरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. रांग दिसत नाही, कारण कोणी थांबतच नाही. पण प्रत्येक पाऊल जड होतं. दोन प्रोसेसर सॉकेटच्या यंत्रावर हे फार जाणवतं. अशा वेळी प्रोसेस एकाच नूमा नोडवर (काही कोर आणि त्यांच्या जवळची मेमरी) बांधून बघा. फरक पडला तर निदान पक्कं.

रिअल-टाइम कर्नलवर हीच पद्धत चालेल का?

साधनं तीच, वाचन वेगळं. २०२४ च्या ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये असलेला पूर्ण रिअल-टाइम पर्याय चालू केला की बहुतेक स्पिनलॉक झोपणारे होतात, आणि यादीत स्पिनलॉकऐवजी आरटीम्युटेक्स दिसू लागतात.

फ्रीबीएसडी किंवा सोलारिसवर काय?

सोलारिसमध्ये लॉकस्टॅट ही कमांड डीट्रेस या ट्रेसिंगच्या साधनाच्याही आधीपासून होती. २००५ च्या सोलारिस १० मध्ये ती डीट्रेसवर उभी केली गेली आणि आज सोलारिसपासून निघालेल्या इल्युमोसमध्येही आहे. किती घिरट्या, किती झोप, धरण्याची वेळ किती, सगळं एका कमांडमध्ये. लिनक्सला हे सुख बऱ्याच उशिरा मिळालं. फ्रीबीएसडीवर डीट्रेसचा लॉकस्टॅट प्रोव्हायडर आहे, शिवाय लॉक_प्रोफायलिंग पर्यायाने बांधलेल्या कर्नलमध्ये सिसकंट्रोलमधून सविस्तर आकडे मिळतात.

वरिष्ठांना किंवा कर्नलच्या मंडळींना कळवताना काय काय जोडू?

कर्नलची नेमकी आवृत्ती, कोर आणि नूमा नोड किती, मोजणी किती सेकंदांची, पर्फ लॉक कंटेन्शनच्या पहिल्या दहा ओळी जशाच्या तशा, आणि थांबलेल्या व धरणाऱ्या अशा दोन्ही बाजूंचा एकेक स्टॅक. धरणारा सापडला नसेल तर तसं स्पष्ट लिहा. सोबत त्याच यंत्राची निवांत वेळची मोजणी जोडा. तिच्याशिवाय समोरच्याला तुमचे आकडे मोठे की छोटे हे कळणार नाही आणि पहिलं उत्तर तीच मागणारं येईल.